नवीन ५८ सीसी चेनसॉ: रनिंग-इन कसं करायचं आणि पैसे आधी कशावर घालायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदगडच्या बाजूचे एक भाऊ, त्यांनी ५८ सीसीचं चायना मेक चेनसॉ घेतलंय, २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) लावलेलं. कामं म्हणजे बांधावरचे नीलगिरी, दोन वठलेले आंबे, काजूची छाटणी आणि एक आडवा पडलेला फणस, ज्याच्या फळ्या पाडायच्या आहेत. दुकानदार म्हणाला पहिल्या तीन टाक्या नुसतं स्लोवर ठेवून जाळा. आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांच्या डोक्यात आता सायलेन्सर मोकळा करणं, मोठं कार्बोरेटर, आठ दाती स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातांचं चाक) असं सगळं शिरलंय. आधी काय करू, असं विचारतायत.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात ही मशीनं चालवतो पण आणि दुरुस्त पण करतो, त्यामुळं सरळच सांगतो. तुम्ही विचारलेल्या तिन्ही पार्टांवर आत्ता एक रुपया घालू नका. नव्या मशीनची जी पॉवर कमी वाटते ती निम्म्याच्या वर चेनच्या धारेत, बारच्या लांबीत आणि कार्बोरेटरच्या सेटिंगमध्ये अडकलेली असते, आणि ती बाहेर काढायला फार पैसे लागत नाहीत.

आधी रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला बसवून घेणं, आणि त्यातला स्लोवर जाळायचा विषय. तसं करू नका. पिस्टनची रिंग बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, बसते ती जळणाच्या प्रेशरनं, प्रेशर रिंगच्या मागं जातं आणि तिला सिलिंडरवर दाबतं, तेव्हा दोघांचे बारीक उंचवटे घासून जुळतात. स्लोवर तेवढं प्रेशरच नसतं, उलट ऑईल नीट जळत नाही, प्लग काळा ओला होतो, सायलेन्सरच्या जाळीवर काजळी धरते आणि तीन टाक्या पेट्रोल धुरात जातं. दुसरं टोक पण तितकंच वाईट, म्हणजे हवेत धरून फुल गॅस द्यायचा आणि आवाज ऐकत बसायचं. लोड नसताना फुल गॅसवर आरपीएम सगळ्यात वर जातो आणि नव्या पिस्टनला तेच सोसत नाही. स्टिलच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या तीन टाक्या बिनलोड फुल गॅस देऊ नका असं लिहिलंय, आणि पूर्ण ताकद पाच ते पंधरा टाक्यांनंतर येते असंही. हुस्कवर्ना पहिले दहा तास म्हणते. दोघांचा अर्थ एकच, लोडवर चालवा, बिनलोड ताणू नका.

तर पहिल्या टाक्यांना सहा-आठ इंची नीलगिरी घ्या, ओला असला तर अजून चांगलं. मशीन सुरू करून ब्रेक लावून एखादा मिनिट स्लोवर तापू द्या, मग ब्रेक काढून चेन लाकडाला टेकता टेकता गॅस पूर्ण द्या, काप संपला की गॅस सोडा. काप चालू असताना गॅस अर्धवट ठेवून वर रेटायचं नाही, बरेच जण ‘नवं मशीन आहे, हळू चालवूया’ म्हणून असं करतात आणि क्लच घसरून जळतो. यात क्लच सेंट्रिफ्यूगल असतो, तो साधारण साडेतीन-चार हजार आरपीएमच्या आसपास पकडायला लागतो आणि वर गेल्यावरच घट्ट बसतो. गॅस फुल, पण दाब हलका, ओंडका बारीक, आणि चार-पाच कापांनंतर जरा दम. मोठ्या कापानंतर लगेच स्विच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट स्लोवर राहू दे, फ्लायव्हीलच्या वाऱ्यानं सिलिंडर थंड होतो. वठलेला आंबा पहिल्या चार-पाच टाक्यांत नको, त्याच्यात बार पूर्ण बुडतो आणि इंजिन एकेका कापात फार वेळ दमतं.

आता पेट्रोल, इथं जरा जास्त वेळ घेतो कारण माझ्याकडं जाम होऊन येणाऱ्या मशीनांत निम्मी गोष्ट पेट्रोलचीच असते. आता पंपावर ई-२० च मिळतंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉलमध्ये आधीच ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याला हवा कमी लागते, साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा तर ई-२० ला साधारण १३.५. कार्बोरेटर जुन्या हिशोबानं लावलेला असेल तर तेवढ्याच जेटमधून जाणारं मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, लीन म्हणजे जास्त गरम, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलातच मिसळलेलं असतं, त्यामुळं पेट्रोल कमी म्हणजे ऑईल पण कमीच. मग पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे येतात. दुकानातनं आलेलं मशीन नुसतं चालू झालं म्हणजे सेटिंग बरोबर असं समजू नका.

दुसरं इथेनॉल पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर कणकुंबी-जांबोटीकडं हवेतच पाणी असतं, अर्धी भरलेली टाकी नीट न लावलेल्या झाकणासकट महिनाभर पडली की खाली पाणी-इथेनॉलचा थर वेगळा बसतो, आणि मशीनच्या आतला पाईप नेमका तळातनंच ओढतो. त्या थरात ऑईल नसतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करायचं, एक-दोन लिटर, आणि महिन्याच्या आत संपवायचं. मशीन ठेवायचं असलं तर टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत स्लोवर चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपतं, नाहीतर त्यातले डायफ्राम, म्हणजे पातळ पडदे, कडक होतात आणि पावसाळ्यानंतर दोरी ओढून खांदा दुखतो. पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल खाली बसवायचं आणि वरचं वापरायचं, असा एक जुगाड फिरतोय. नको बघा. इथेनॉल काढलं की ऑक्टेनही खाली येतो, उरलेलं पेट्रोल तुम्हाला वाटतंय तितकं चांगलं नसतं.

ऑईल. डब्यावर जासो (टू-स्ट्रोक ऑईलच्या दर्जाची जपानी खूण) एफडी किंवा कमीत कमी एफसी लिहिलेलं घ्या, हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाचं. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ मिळालं तर ते घेऊ नका, ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. चायना ५८ सीसीच्या पुस्तिकेत बहुधा २५ ला १ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली. तेच पाळा, नुसतं रनिंग-इनपुरतं नाही, नंतर पण. स्टिलचं मशीन आणि त्यांचंच ऑईल असेल तर ५० ला १, लिटरला २० मिली, पण ते प्रमाण दुसऱ्याच ऑईलला लावून आपल्या मशीनमध्ये घालायचं नाही. अजून एक गोष्ट लक्षात येत नाही लोकांच्या, ऑईल जास्त घातलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण जरा लीनच होतं. त्यामुळं एकदा प्रमाण ठरवलं की तेच धरा आणि कार्बोरेटर त्याच मिश्रणावर लावा. अंदाजपंचे झाकणानं मोजू नका, मेडिकलमधून दहा-वीस मिलीची सिरिंज आणा.

कार्बोरेटरला तीन स्क्रू असतात, एल, एच आणि आयडलचा. एल खालच्या गतीचं पेट्रोल, एच वरच्या गतीचं, तिसरा फक्त स्लो कमी-जास्त करतो. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की एल-एच दोन्ही लीन. एकदम हरवलात तर दोन्ही अलगद टेकेपर्यंत आत आणि मग एक-एक फेरा बाहेर, तिथनं सुरुवात होते. अलगद म्हणतोय, जोर लावला तर सुईची जागा खराब होते. मशीन गरम करा, फिल्टर स्वच्छ पाहिजे, धारेची चेन पाहिजे, बोथट चेनवर ट्यूनिंग करून उपयोग नाही. आधी एल: सगळ्यात छान स्लो जिथं मिळतो तिथनं किंचित बाहेर, आणि गॅस पटकन दिला तर अडखळायला नको. मग स्लो असा ठेवा की चेन हलत नाही, मॅन्युअलांत तो साधारण २,७०० ते ३,००० च्या मधे असतो. स्लोवर चेन फिरत असली तर ते मशीन हातात घेऊच नका.

एच मात्र कानानं. गरम मशीन, क्षणभर फुल गॅस, दोन-तीन सेकंदच: आवाज जर एकसारखा, किंचाळल्यासारखा, वर वर जाणारा असेल तर लीन आहे. आवाजात हलकी फडफड पाहिजे, बुडबुड्यासारखी, आणि चेन लाकडात शिरली की ती फडफड जाऊन आवाज स्वच्छ झाला पाहिजे. लाकडात पण फडफडत असेल तर जास्त रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. कानाचा भरवसा नसेल तर प्लगच्या वायरजवळ धरायचा छोटा टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) घ्या, ऑनलाईन स्वस्तात मिळतो, त्याला टू-स्ट्रोक सेटिंगवर ठेवा. पुस्तिकेत कमाल आरपीएम दिलेला असतो, या मशीनांना बहुधा ११,००० च्या आसपास, रनिंग-इनमध्ये त्याच्या चार-पाचशे खालीच ठेवा. तुम्ही म्हणाल पॉवर कमी होईल. होईल थोडी. पण नवा सिलिंडर-पिस्टन घालायचा झाला तर बेळगावला खेपा घालाव्या लागतात आणि पार्ट बसतो न बसतो तो वेगळाच विषय.

आणि आमच्या भागात एक भानगड आहे जी व्हिडिओवाले सांगणार नाहीत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. इथं लावलेलं मशीन काजूच्या सीझनला किंवा वादळात पडलेली झाडं तोडायला चोर्ला उतरून गोव्यात नाहीतर आंबोली उतरून सावंतवाडीकडं नेलं, की खाली हवा दाट, म्हणजे तेच मशीन लीन चालतं. खाली गेल्यावर एच अष्टमांश फेरा बाहेर काढून परत फडफड ऐका. उलटं खालून वर आणलेलं मशीन जरा धुराडं वाटेल, ते चालतंय, त्यानं काही मोडत नाही. थंडीच्या सकाळी पण तोच प्रकार, गार हवा दाट असते.

स्क्रू फिरवून पण स्लो स्थिर बसत नसेल, मशीन आडवं केलं की स्लो बदलत असेल, कधी एकदम वाढत असेल, तर ट्यूनिंग सोडा आणि हवा कुठनं ओढतंय ते बघा. या मशीनांत कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी बूट हा ठरलेला कच्चा दुवा. चिरलेला नसला तरी त्याचे दोन स्क्रू ढिले असतात. पहिली टाकी संपली की मशीन थंड करून सायलेन्सरचे बोल्ट, कार्बोरेटरचे नट, हँडलचे स्क्रू, बारचे स्टड, सिलिंडरचे बोल्ट पोचत असतील तर ते पण, सगळे एकदा आवळा. तिसऱ्या-चौथ्या टाकीला परत. सायलेन्सरच्या बोल्टना थ्रेड लॉकर लावून उपयोग नाही, उष्णतेनं तो जातो, तिथं स्प्रिंग वॉशर आणि नजर.

आता चेन. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात ढिली पडते, ती लांबत नाही, तिचे रिव्हेट आपापल्या जागी बसतात. शक्य असेल तर लावायच्या आधी रात्रभर ऑईलमध्ये बुडवून ठेवा. ताण थंड असताना बघायचा, बारच्या खालच्या बाजूला टेकलेली पाहिजे पण हातमोजा घालून हातानं ओढली तर फिरली पाहिजे. गरम चेन आवळली असेल तर काम संपल्यावर परत ढिली करून ठेवा, थंड झाल्यावर ती आकसते आणि बारला व क्रँकच्या बेअरिंगला दाबून बसते. पहिल्या दिवशी दर टाकीला नव्हे, दर पाच-दहा मिनिटांनी बघा.

चेनचं ऑईल. आमच्याकडं सर्रास गाडीचं जळकं ऑईल घालतात. त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो, पातळ झालेलं असतं, बारच्या खाचेतच राहत नाही, आणि कापताना तेच तुमच्या तोंडावर आणि भुश्यावर उडतं. बार-ऑईल मिळालं तर उत्तम, नाही तर नवीन २०डब्ल्यू४० घाला, उन्हाळ्यात थोडं जाड गिअर ऑईल मिसळलं तरी चालतंय. खायचं तेल बारीक मशीनला चालतं असं म्हणतात, पण ठेवून दिलं की ते चिकट गोंद होतं. पंप चालतोय का बघायचा तर बारचं टोक स्वच्छ पुठ्ठ्यासमोर एक वीत धरून गॅस द्या, पुठ्ठ्यावर ऑईलची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑईलची टाकी जवळजवळ रिकामी झाली पाहिजे, ती अर्धी भरलेलीच असेल तर पंप किंवा बारचं भोक तुंबलंय.

आणि हा पहिला खरा अपग्रेड. बऱ्याच चायना मशीनांत ऑईल पंप फिरवणारा वर्म गिअर प्लास्टिकचा असतो, क्लच गरम झाला की तो वितळतो किंवा दात खातो, आणि तुम्हाला कळतं तेव्हा बार निळा पडलेला असतो. लोखंडी किंवा पितळी वर्म मिळतो, तो घालून घ्या. क्लच काढताना लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे असतात, डाव्या हाताचे. सुलट समजून जोर लावून क्रँकचे आटे घालवलेली मशीनं मी बघितलीयत. प्लगच्या भोकातनं दोरी आत सोडून पिस्टन अडवायचा, स्क्रू-ड्रायव्हर फ्लायव्हीलच्या पंख्यात घालून नाही.

दुसरा अपग्रेड म्हणजे बार लहान करा. होय, लहान. ५८ सीसीवर २२ इंची बार दुकानात छान दिसतो, पण तो पूर्ण लाकडात बुडवून ओढायची ताकद या इंजिनात नाही, ऑईल पण टोकापर्यंत पुरत नाही. १८ लावा. मशीनचं तोंड हलकं होतं, कापायला जोर येतो, चेन स्वस्त पडते, धार लावायला दात कमी. तीस इंची आंब्याचा बुंधा सुद्धा दोन्ही बाजूंनी १८ च्या बारनं होतो. बार घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: पिच (चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि चेनच्या आतल्या कड्यांची संख्या. या मशीनांत बहुधा पिच .३२५ आणि गेज .०५८ असतं, बारच्या बुडाशी कोरलेलं सापडेल. कड्या मात्र मोजूनच न्या, २० इंची म्हणून मागितलं तर एका माउंटला (बार मशीनला बसतो त्या जागेच्या मापाला) ७६ लागतात आणि दुसऱ्याला ८०, दुकानदार ‘बसतंय बघा’ म्हणून हातात देतो आणि घरी आल्यावर ताणायचा स्क्रू संपतो.

चेन कोणती, तर सेमी-चिझल, म्हणजे दातांचे कोपरे गोलसर असलेली. फुल चिझलचे कोपरे टोकदार असतात, स्वच्छ ओल्या लाकडात ती पळते, पण आपल्याकडचं लाकूड स्वच्छ कुठं असतंय. सागात सिलिका असते, ती कोपरा लगेच मारते. नारळ त्याहून वाईट. वठलेला आंबा कोरडा आणि मातीनं भरलेला, जुनी बाभूळ म्हणजे दगड. शिवाय रस्त्याकडेच्या आंब्यात बोर्ड आणि बॅनरचे खिळे, बांधावरच्या काजूत जुनी काटेरी तार आत गिळलेली. कापायच्या आधी सालीवर काळे डाग, फुगलेल्या वळ्या बघत जा. मुळांचा भाग कापायचा असेल तर माती कुदळीनं काढून, पाणी मारून, आणि जुनी चेन लावून.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा अपग्रेड तर कानस. .३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस, गाईडसकट घ्या. ३० अंशाचा कोन गाईडवर खुणेनं दिलेला असतो. आतून बाहेर ढकलायची, परत येताना उचलायची, मागं-पुढं घासायची नाही. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. प्रत्येक दाताला सारखेच फटके, नाहीतर एका बाजूचे दात लांब राहतात आणि काप वाकडा जायला लागतो, मग लोक बारला शिव्या घालतात. दर टाकीला दोन-तीन फटके पुरतात, पूर्ण बोथट होईपर्यंत थांबलात तर मग अर्धा दात खावा लागतो. कळायचं कसं, तर भुसा बघा, चिपा पडत असतील तर धार आहे, पीठ पडायला लागलं की थांबा. दाताच्या पुढचा छोटा उंचवटा, डेप्थ गेज, तो तीन-चार वेळा धार लावल्यावर चपट्या कानशीनं उतरवायचा, दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. त्याचं माप मिळतं, ते वापरा, अंदाजानं जास्त उतरवलं तर चेन उसळ्या मारते आणि किकबॅकचा, म्हणजे बार झटक्यात अंगावर यायचा, धोका वाढतो. दुकानातली नवी स्वस्त चेन पण लावायच्या आधी एकदा फिरवून घ्या, कित्येकदा तिची फॅक्टरी धार हाताच्या धारेपुढं काहीच नसते.

दर चेन बदलताना बार उलटा लावा, खाच साफ करा, कडेला आलेली धार चपट्या कानशीनं काढा. दोन चेनी झाल्या की स्प्रॉकेट बदला, झिजलेलं स्प्रॉकेट नवी चेन खातं. जमलं तर तेव्हाच रिमवालं स्प्रॉकेट टाका, मग पुढच्या वेळी फक्त रिम बदलायची. आठ दाती मात्र नको. सात दातांवर दहा हजार आरपीएमला चेन सेकंदाला साधारण १९ मीटर पळते, आठ केले की वेग चौदा टक्के वाढतो पण ओढायची ताकद साधारण साडेबारा टक्के घटते. बारीक ओल्या नीलगिरीत मजा येईल, आंब्यात अडकून क्लच जाळाल.

बाकी छोट्या गोष्टी पटापट सांगतो. प्लग एनजीकेचा बीपीएमआर७ए, गॅप ०.५ मिमी, पण बॉक्सातल्या प्लगच्या आट्यांशी लांबी जुळवून घ्या. पेट्रोलचा पाईप आणि आतला फिल्टर चांगल्या रबराचा टाका, ई-२० मध्ये स्वस्त पाईप वर्षभरात मऊ नाहीतर कडक होतो. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा, कडेनं भुसा आत गेल्याची रेघ दिसली तर तो नीट बसत नाही, बदला. टाकीचं झाकण उघडल्यावर जोरात फुस्स होत असेल आणि मशीन थोडं चालून मरत असेल तर टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायचं भोक, बघा.

सायलेन्सरचं. मोकळा केला की खरंच फरक पडतो, खोटं कशाला सांगू. पण लगेच एच बाहेर काढावा लागतो, नाही काढला तर पिस्टन जातो. ठिणगीची जाळी काढून टाकतात ते तर आमच्या भागात मार्च-एप्रिलला वेडेपणाच, कोरडं गवत, खाली पालापाचोळा, आणि बाजूला वनखात्याची हद्द. आवाज आधीच शंभर डेसिबलच्या वर असतो. वॉरंटी पण जाते. रनिंग-इन संपून, बार-चेन सुधारून सुद्धा ताकद कमी वाटली तर बोलू. मोठं कार्बोरेटर, उंच डोक्याचा पिस्टन, फ्लायव्हीलची की कापून टायमिंग पुढं करणं, हे सगळं करून जेवढे पैसे जातील त्यात थोडी भर घालून सरळ चांगल्या कंपनीचं ५०-५५ सीसीचं सेकंडहँड मशीन बघा.

सायलेन्सरचे ते पैसे हेल्मेटवर घाला. जाळी आणि इयरमफ असलेलं हेल्मेट, पुढं कडक टोपी असलेले बूट, आणि मांडीवर घालायचे चॅप्स, त्यात लांब धागे असतात ते चेनमध्ये गुंतून तिला थांबवतात. लुंगी आणि चप्पल घालून कापणारे मी रोज बघतो. कणकुंबीकडच्या रानात मांडी कापली तर बेळगाव गाठेपर्यंत किती रक्त जाईल याचा हिशोब करा. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लावायचा नाही, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, एकट्यानं जायचं नाही. सुरू करताना जमिनीवर ठेवून मागच्या हँडलमध्ये पाय, हातात लटकवून दोरी ओढायची नाही. पाचर लोखंडी नको, प्लास्टिकची घ्या नाहीतर सुताराकडनं बाभळीची करून घ्या, चेन लागली तरी दात वाचतात.

परवानगीचं पण बघून घ्या. आपल्याकडं स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ लागतो. नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ, नारळ यांना सूट आहे, आंबा-फणसासाठी आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारा, साग-शिसम-चंदनाला तर हातच लावू नका विचारल्याशिवाय. चंदगडच्या बाजूला पाहुण्यांचं झाड तोडायला गेलात तर तिथं महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा, आणि लाकूड हद्द ओलांडून आणायचं झालं तर वाहतुकीचा पास वेगळा.

राहिला फणस. आडव्या ओंडक्याच्या लांबीनं फळी पाडणं हे या इंजिनाला सगळ्यात जड काम, फुल गॅस मिनिटामिनिटाला, मधे दम नाही. रनिंग-इन पूर्ण झाल्याशिवाय तर नकोच. एवढंच करायचं असेल तर वेगळी रिपिंग चेन, दातांना ३० ऐवजी १० अंश, एच थोडा रिच, आणि फूटभर रुंदीच्या वर जाऊ नका, प्रत्येक फळीनंतर मशीन स्लोवर थंड करा. ओंडका त्याहून जाड असेल तर वासे-फळ्यांची मापं लिहून सॉ मिलला न्या. बँड सॉची पाती पातळ असते, चेनचा काप तिच्या कितीतरी पट रुंद, त्यामुळं जाड ओंडक्यात तुमच्या एक-दोन फळ्या नुसत्या भुशात जातील, आणि फणसाचं लाकूड सध्या कोण फुकट देत नाही.